बाबांनी ओळखलेलं मीठ

प्रथिनाचा स्फटिक आणि मिठाचा खडा यांतला फरक ओळखायची रीत आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुई घेऊन टोचायचं. मीठ असेल तर कट्कन फुटतं. प्रथिन असेल तर खव्यासारखं दबून मोडतं. म्हणजे खरं कळायला ती वस्तू मोडावीच लागते. हे मला तोंडपाठ होतं, इतरांना मी ते ऐटीत शिकवायचे, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा दोन दिवस सुईला हात लावला नाही.

माझं प्रथिन जिवाणूंची भिंत विणतं. साखळ्या एकमेकींत अडकवून जिवाणूभोवती जाळी तयार करायची, एवढंच त्याचं काम. ते थांबवलं की जाळी विरते आणि जिवाणू आतल्या दाबाने फुटून मरतो. आपली कितीतरी औषधं एवढ्यावर चालतात. काही जिवाणूंवर ती आता चालत नाहीत, आणि का चालत नाहीत हे कळायला प्रथिनाचा आकार बघावा लागतो, विशेषतः औषध जिथे जाऊन बसतं ती खाच. आकार बघायला स्फटिक हवा. स्फटिक धरावा म्हणून ठेवलेल्या माझ्या थेंबांत दीड वर्ष नुसता गाळ बसत होता.

मी डोंबिवलीला एका भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे. दिवस सगळा थंड खोलीत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जायचा. संध्याकाळी भाजीवालीकडे कोथिंबीर मागताना आवाज घोगरा निघायचा, कारण दिवसभरातलं ते पहिलंच वाक्य असायचं. बाबा बाळकुमला. आई गेल्यापासून तेही एकटेच. चहूबाजूंनी टॉवर आणि मधे आमचं बैठं घर. ज्या मिठागरात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली ते कधीच बंद पडलं होतं, पण आळीत कुणी खडेमीठ आणलं की आधी बाबांना दाखवायची पद्धत होती. ते चिमूटभर तळहातावर घ्यायचे आणि सांगायचे, हे घाईत ओढलंय, याच्या खाली माती लागलीय. चाखायची गरजच पडायची नाही.

एका सकाळी माझ्या थेंबात लखलखीत चौकोनी खडे दिसले. कडा अशा धारदार, की बघत राहावं. मला आनंदाने रडूच आलं. फोटो काढून मी बाबांना पाठवला, कारण पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. दोन मिनिटांत फोन आला.

"मीठ हाय ता, बाय."

"बाबा, हे प्रयोगशाळेतलं आहे. मिठागर नाही."

"आसंल. पन मीठ हाय."

"तुम्हाला सगळीकडे मीठच दिसतं!" असं ओरडून मी फोन ठेवला. लहानपणी शाळेच्या दाराशी त्यांचे मिठाने फुटलेले पाय बघून मला लाज वाटायची. त्या दिवशी माझ्या आवाजात तीच लाज होती, आणि त्यांना ती ऐकू आली असणार.

तिसऱ्या दिवशी सुई टोचली. कट्. थेंबात मीठ मीच घातलेलं होतं, प्रथिनाने पाण्यातून बाहेर यावं म्हणून. प्रथिन राहिलं बाजूला, मीठच आलं. आमचे सर हसले, म्हणाले, सगळ्यांचं एकदा होतं. प्रयोगशाळेत विषय दहा मिनिटांत संपला.

रविवारी बाळकुमला गेले तर बाबा दारातच उभे. "काय निंगाला?"

"प्रोटीन निघालं," मी म्हणाले.

ते मनापासून खूश झाले. "बरा झाला. मना उगाच मीठ वाटला." शेजारच्या घरांत जाऊन सांगून आले, पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला.

काही महिन्यांनी शेजारची काकू पुडीत मीठ घेऊन आली. बाबांनी पुडी उघडलीसुद्धा नाही. "मना काय कलतंय त्यातला? पोरीला इचार, ती शिकलेली हाय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. काकूने पुडी माझ्यापुढे धरली आणि मी खुशाल म्हणाले, "चांगलं दिसतंय." त्यानंतर आमच्या घरी कुणी मीठ घेऊन आलं नाही. मी दर रविवारी सांगायचं ठरवून जायचे आणि जेवून परत यायचे. अशी दोन वर्षं गेली.

खरे स्फटिक आले तेव्हा माझा विश्वासच बसेना. पातळ, फिकट पट्ट्या, कोपरे बोथट. एक सुईने दाबली, खव्यासारखी मोडली. पुढे एक्स-रेची कामं, महिनोन्महिने आकडेमोड, आणि एका दुपारी ते प्रथिन पडद्यावर उभं राहिलं. खाचेच्या तोंडावर एक वेटोळं आडवं पडलं होतं, दाराला कडी लावावी तसं. औषध इतकी वर्षं दाराशी येऊन परत का जात होतं ते मला दिसत होतं. खोलीत मी एकटीच होते. हे सांगावं असं एकच माणूस होतं, आणि तिथे आधी दुसरं काहीतरी सांगायचं राहिलं होतं.

तशीच बाळकुमला गेले. फोनवर पट्ट्यांचा फोटो काढून बाबांच्या पुढे धरला. त्यांनी फोन हातात घेतलाच नाही. "तुजा बराबरच आसंल. मना काय कलतंय."

"बाबा, ते मीठच होतं. पहिलं. तुम्ही म्हणालात तेच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "कवापासून ठावं हाय तुला?"

"तिसऱ्या दिवसापासून."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. बरणीत हात घालून मिठाचे चार खडे काढले आणि खिडकीपाशी उभे राहून उजेडात तळहात फिरवत ते खडे बघू लागले. बराच वेळ बघत होते. नवा फोटो त्यांनी मागितला नाही, आणि मीही पुन्हा पुढे केला नाही.