रेंजचा दगड

"लागला की," कंपनीचा साहेब म्हणाला आणि अख्खा हॉल हसला.

माझा फोन त्याच्या हातात वाजत होता. न विचारता त्यानं तो माझ्या हातातून घेतला होता, नोंदणीच्या कागदावरचा माझा नंबर स्वतःच्या फोनवरून फिरवला होता, आणि आता वाजणारा फोन वर धरून सगळ्यांना दाखवत होता. भूमच्या मंगल कार्यालयात मोबाईल कंपनीनं ग्राहक मेळावा भरवला होता. ज्यांची तक्रार असेल त्यांनी उभं राहून बोलावं, असं माईकवरून सांगितलं होतं. मी उभी राहिले. म्हणाले, आमच्या गावात फोन लागत नाही, त्यापायी माझी आई गेली. एवढंच बोलून झालं होतं.

"ताई, नकाशावर तुमचं गाव हिरवं आहे. हिरवं म्हणजे नेटवर्क आहे." मग साहेबानं जरा मऊ आवाज काढला. "वयस्कर माणसांना फोन नीट हाताळता येत नाही. आम्ही समजू शकतो."

परत कुणीतरी हसलं. हसणारे परके नव्हते. माझ्याच तालुक्यातली माणसं, कंपनीचा चहा पिऊन खुर्च्यांवर बसलेली. मी माझा फोन परत घेऊन खाली बसले. पदराखाली आईचा फोन होता. बटनाचा, कडेला फुटलेला. तो मी घट्ट धरून ठेवला.

नकाशावर हिरवं. आमचा माळ श्रावणातसुद्धा एवढा हिरवा होत नाही. गाव डोंगराच्या खोबणीत आहे. घरात फोनचा उपयोग वेळ बघायला. बोलायचं तर टेकाड चढायचं. वर एक काळा दगड आहे, त्याच्यावर बसलं की रेंज येते. कधी येते, कधी नाही. सगळे त्याला रेंजचा दगड म्हणतात. एकच माणूस बसेल एवढी जागा. म्हणून आपोआप एक रीत पडली. कुणी दगडावर फोन कानाला लावून बसलेलं दिसलं की जवळ जायचं नाही. लांब बाभळीखाली थांबायचं, तोंड फिरवायचं. कुणाचं सासरचं गाऱ्हाणं असतं, कुणी रडत असतं. आमच्या घरांच्या भिंती पत्र्याच्या, सगळं सगळ्यांना ऐकू जातं. तेवढा एक दगड खासगी होता.

मी उमरग्याला एका दवाखान्यात साफसफाई करते. हायवेवरचं गाव, तिथं रेंजच रेंज. तिथून आईला फोन लावला की यंत्रातली ती बाई बोलायची, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. दुसऱ्या कुणाचा हे ऐकून जीव खालीवर होईल. मला बरं वाटायचं. म्हणजे आई घरात आहे, चुलीपाशी आहे. फोन लागला तरच धसका बसायचा, कारण नड असल्याशिवाय आई टेकाड चढत नव्हती.

त्या दिवशी दुपारी मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी निवांत डबा खाल्ला.

आई तेव्हा दगडावर होती. छातीत कळा येत असणार. कुणाला काही बोलली नाही, तो तिचा स्वभावच. फोन घेऊन टेकाड चढली, दगडावर बसली, पाठ मागच्या खडकाला टेकवली आणि फोन कानाला लावला. दगडावरही त्या दिवशी रेंज नव्हती. शेजारची कोंडामावशी तिच्या मागून वर गेली होती. आईला बसलेलं बघून ती रीतीप्रमाणं बाभळीखाली थांबली. आणखी दोघं-तिघं आले, तेही थांबले. सगळ्यांनी तोंडं फिरवली. उन्हं कलली तरी आईचं बोलणं संपेना, तेव्हा मावशी जवळ गेली.

"आमाला वाटलं तुज्यासंगं बोलायलीय," मावशी मला म्हणाली. "मायलेकीच्या मधी कसं जावं, म्हून थांबले गं." त्यानंतर ती माझ्या डोळ्याला डोळा देत नाही.

फोन आईच्या मुठीतून सोडवावा लागला. त्यात माझंच नाव होतं, परत परत लावलेलं. एकदाही लागलं नव्हतं. माझ्या आईला फोन हाताळता येत होता.

तो फोन आता आईच्या फोटोपाशी असतो, चालू. मावशी चार्ज करते, रिचार्ज मी मारते. दुपारी फरशी पुसून झाली की मी उमरग्याहून तो नंबर लावते. तीच बाई, तेच वाक्य. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटतं. आई चुलीपाशी आहे असं वाटतं. मग आठवतं. त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटते, तरी दुसऱ्या दिवशी मी परत लावते.

मेळाव्याला येताना आईचा फोन मी बरोबर घेतला होता.

शेवटी फोटो होते. ग्राहकांना स्टेजवर बोलावून कंपनीच्या नावाची छत्री देत होते. साहेबानं माझ्याकडं बोट केलं. "त्या ताईंना पण बोलवा. त्यांची तक्रार मिटली."

मी गेले. साहेबानं छत्री पुढं केली, फोटोवाल्याकडं बघून हसला. म्हणाला, "हसा ताई."

त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. आयुष्यभर मी अशा माणसांसमोर मान खाली घालत आले. दवाखान्यात, कचेरीत, बँकेत. त्यांनी सांगितलं तिथं बसले, सांगितलं तेव्हा उठले. आता आईच्या मरणावर हसायचं होतं. मी छत्री टेबलावर ठेवली, माईक हातात घेतला आणि माझ्या फोनवरून आईचा नंबर लावला.

पदराखाली आईचा फोन वाजला. तो बाहेर काढून मी माईकपाशी धरला. हॉलभर तो आवाज घुमला. इतके दिवस लावत होते, आज पहिल्यांदा लागला होता.

"हा माझ्या आईचा फोन," मी म्हणाले. "ती गेल्यावर लागला. साहेब, पुढचा मेळावा आमच्या दगडावर घ्या. तिथं तुमचा फोन वर धरून दाखवा."

कुणीतरी माईक बंद केला. मी तशीच बोलत राहिले. दगड, बाभळ, तोंड फिरवून बसलेली माणसं, सगळं सांगितलं. काही उठून गेले. काही खाली बघत बसले. साहेबानं घड्याळ बघितलं.

दगडावर कंपनी आली नाही. रीत मात्र आम्ही मोडली. आता कुणी फोन कानाला लावून बसलं, की जवळ जाऊन खांद्याला हात लावतो. मग त्याचं रडणं आपल्याला ऐकू आलं तरी चालेल. तेवढी एक खासगी जागा होती आमची, तीही गेली.

आता मेळावा परंड्याला आहे. मी जाणार, आईचा फोन घेऊन जाणार. उभी राहून तेच सांगणार. हसले, तर परत पहिल्यापासून सांगणार.