अकरा नंबरची राजकन्या

कार्टूनच्या सिनेमात माणसाच्या अंगाला कोणता रंग द्यायचा, हा प्रश्न त्या स्टुडिओत कधी कुणाला पडलाच नव्हता. अंगाचा रंग म्हणजे डबी नंबर चार. फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणारा. डबीवर लेबलच तसं होतं, 'अंगाचा रंग'. कुणाच्या अंगाचा, ते विचारायचं नाही. सकाळी रंगखात्यात पाऊल टाकलं की पहिली आरोळी यायची, "अंगाचा रंग कुणी नेला?" आणि आरोळी ठोकणाऱ्यांपैकी निम्म्याअधिकांच्या हातांचा त्या रंगाशी काडीइतका संबंध नसायचा.

ताईंच्या हातांचा तर नव्हताच. ताई चांगल्या गडद वर्णाच्या. लोक तोंडावर 'सावळी' म्हणत आणि पाठ वळली की खरं काय ते म्हणत. पंचवीस वर्षांपूर्वी त्या तिथे लागल्या तेव्हा पारदर्शक शीटवर पुढून रेघा आणि मागून रंग, असं काम चाले. राजकन्येचे गाल, गळा, हात चार नंबरने भरायचे आणि वाळल्यावर त्यात एक लाट, एक ठिपका दिसता कामा नये. ताईंना ते असं काही जमलं की झाडून सगळ्या राजकन्या त्यांच्याच टेबलावर यायला लागल्या आणि ताईंचं नाव पडलं 'चार नंबरताई'. "चार नंबरताई, चहा सांगू का?" यात काही विनोद आहे हे पंचवीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताईंच्या डोक्यात मात्र पहिल्याच दिवशी आलं होतं.

डबी नंबर अकरा वेगळी. तो तपकिरी रंग चोरांसाठी, पहारेकऱ्यांसाठी, चेटकिणीच्या नोकरांसाठी आणि झाडांच्या बुंध्यांसाठी. एकदा आसपास कुणी नाही असं बघून ताईंनी आपलं मनगट त्या डबीच्या तोंडाशी धरलं होतं. तंतोतंत! त्या दिवसापासून अकरा नंबर हवा असला की त्या दुसऱ्या कुणाला तरी आणायला सांगायच्या.

तसं हे दुखणं स्टुडिओतलं नव्हे, घरातलं. ताईंची धाकटी बहीण गोरीपान. लहानपणी दोघी राजकन्येचा खेळ खेळत. पलंगावरची चादर म्हणजे झगा, आणि तो झगा कायम धाकटीच्या खांद्यावर. ताई घोडा. एकदाच ताईंनी चादर आपल्या अंगावर ओढली, तेव्हा धाकटी रडलीसुद्धा नाही, नुसती खरंच न कळल्यासारखी बघत म्हणाली, "पण ताई, तू कशी राजकन्या होशील?" आणि आतून आईचा आवाज आला, "घेऊ दे ग तिला. तिला शोभतं." ताई मुकाट्याने खाली वाकल्या. फरशीवर त्यांचे गुडघे सोलून निघायचे. धाकटीचं वजनही काही कमी नव्हतं.

पुढे डब्या गेल्या, कॉम्प्युटर आले, पण नंबर तेच राहिले. "दोन चमचे निळा घाल" असं मंडळी अजूनही म्हणत, चमचा कुणी वर्षानुवर्षं हातात धरला नसला तरी. आणि अशातच एका सकाळी दिग्दर्शकाने सगळ्यांना जमवून सांगितलं की नव्या सिनेमातली राजकन्या गोरी नसणार. चक्क अकरा नंबर.

ताईंच्या छातीत जे धडधडायला लागलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. पंचवीस वर्षं राजकन्या भरणारी बाई, आणि ही राजकन्या तिच्याच रंगाची! आता बोलावणं येणार नाही तर कधी येणार? दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून आल्या.

बोलावणं आलं ते नवीला.

नवी म्हणजे आठ महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी. वय चोवीस, रंग ताईंसारखाच, असलीच तर अर्धी छटा जास्त. रंगखात्यातलं जे काही तिला येत होतं ते ताईंनीच हाताला धरून शिकवलेलं. दिग्दर्शकाने तिला खिडकीपाशी उभी करून फोटो काढले. तिचं नाक राजकन्येला, तिचे केस राजकन्येला. राजकन्येचं कलर कार्ड, म्हणजे कुठे कोणता रंग त्याचा तक्ता, तेही तिनेच करायचं. ताईंच्या वाट्याला आल्या राजवाड्याच्या भिंती आणि राजकन्येची गोरी सावत्र आई. "तुमच्यासारखा चार नंबर दुसऱ्या कुणाला जमतोय का, ताई?" दिग्दर्शक मोठ्या कौतुकाने म्हणाला. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला आणि चेहरा हसला. हेही त्यांना पंचवीस वर्षांच्या सरावाने जमत होतं.

मग सुरू झाला तो निव्वळ जळफळाट. दुसरं नाव कशाला द्या? नवी हसली की ताईंना खुपायचं, गप्प बसली की ती तोरा मिरवतेय असं वाटायचं. तिच्या स्क्रीनवर ते नाक दिसलं की ताई आपल्या सावत्र आईच्या गळ्यात उगाच दागिने वाढवायच्या. आपलंही नाक असंच होतं. चोविसाव्या वर्षी आपणही याच खिडकीपाशी डबा खात होतो, तेव्हा कुणाच्या हातात कॅमेरा नव्हता का? या पोरीने केलं काय, तर वीस वर्षं उशिरा जन्माला आली, बस्स.

घरी तरी निवांतपणा असावा! तर तिथे भाची. धाकटी शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायची आणि तिची सहा वर्षांची मुलगी शाळा सुटली की थेट मावशीकडे यायची. धाकटीच्या पोटी जन्मून ही हुबेहूब ताईंच्या रंगाची. "अगदी मावशीवर गेलीय," असं धाकटी ज्या सुरात सांगायची, त्या सुरात लोक नळ गळतोय म्हणून सांगतात. पोरीला नव्या सिनेमाचं कळलं तेव्हा ती सोफ्यावर उड्या मारायला लागली. "माझ्यासारखी? खरंच माझ्यासारखी?" ताई "हो, खरंच" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसल्या. सहा वर्षांच्या भाचीचा हेवा वाटावा, याची त्यांना लाज वाटली. पण वाटत होता, त्याला काय करणार? हिला सहाव्या वर्षीच मिळणार. आपल्याला सेहेचाळिसाव्या वर्षीही दुसरीच्या नाकाने.

आणि मग एके दिवशी दुपारी नवी खुर्ची सरकवून ताईंजवळ आली. "ताई, जंगलातला रात्रीचा सीन आलाय. नियम तोच ना? अंगाच्या रंगात दोन चमचे निळा, वर रात्रीचा लेयर?"

हा नियम ताईंच्याच वहीतला, साऱ्या खात्याचा पाठ. चार नंबरवर तो सुरेख चालतो, चेहरा चांदण्यात न्हाल्यासारखा होतो. अकरा नंबरवर तो लावला तर काय होतं, हे त्या इमारतीत एकट्या ताईंना माहीत होतं. लग्नाच्या फोटोंत दोन डोळे आणि दातांची ओळ होऊन उभं राहिलेल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय वीस वर्षांपूर्वी, सगळे घरी गेल्यावर, त्यांनी एका टाकून दिलेल्या शीटवर चोरून अकरा नंबरची राजकन्या रंगवली होती, रात्रीचीच. आधी नियमाने केली, तर चेहरा बुडाला. मग पुसून उलट केलं. अंगाला हातच लावला नाही, कपाळावर, गालावर, नाकाच्या दांडीवर तांबूस उजेडाची एक बारीक कड दिली आणि मागचं आभाळ उजळ केलं. चेहरा असा वर आला की ताईच दचकल्या. पण दाखवणार कुणाला? ते शीट खालच्या खणात, जुन्या वह्यांखाली गेलं आणि तिथेच राहिलं.

"तोच," ताई म्हणाल्या.

नवी "थँक्यू ताई" म्हणून गेली.

सिनेमा कच्चा तयार झाला की पहिला खेळ कामगारांच्या मुलांना दाखवायचा, ही त्या स्टुडिओची जुनी पद्धत. पोरं पुढे आणि मोठी माणसं मागे वह्या घेऊन बसत. पोरं कुठे चुळबुळतात ते टिपायचं. भाची पहिल्या रांगेत जाऊन बसली. राजकन्या आली तेव्हा ती टाळ्या पिटत मागे वळून बघत होती, मावशीला दिसतंय ना म्हणून. धाकटी शेजारी बसली होती, तीसुद्धा जरा पुढे सरकून बघायला लागली. मग राजकन्या रात्रीच्या जंगलात शिरली आणि चेहरा गेला. उरले दोन डोळे, एक हसू आणि चालणारा पिवळा झगा.

"चोर! चोर आला!" एक मुलगा ओरडला आणि अख्खी रांग खिदळली.

भाची खुर्चीवर उभी राहिली. "मावशी," ती मागे बघत मोठ्याने म्हणाली, "ती कुठे गेली? तिला कुणी पुसून टाकलं का?"

खेळ संपल्यावर दिग्दर्शकाने वही मिटली. "काही नाही, तिला थोडी उजळ करू या. चार आणि अकराच्या मधलं काहीतरी. पूर्ण सिनेमाभर. सोमवारी बसू." नवी मान खाली घालून आपल्याच तळहाताकडे बघत होती. आणि ताईंना, खोटं कशाला सांगा, क्षणभर बरं वाटलं. चांगलं गार वाटलं.

घरी जाताना धाकटी भाजी घ्यायला थांबली आणि भाची मावशीबरोबर पुढे आली. जिन्यात बल्ब गेला होता. पहिल्या वळणावर ती थांबली.

"मावशी, अंधारात मी दिसते का?"

"दिसतेस की."

"नक्की? की तू उगाच म्हणतेस?"

ताईंनी तिचा हात धरला आणि पुढची पायरी चढल्या. ते गार वाटणं कुठल्या कुठे गेलं होतं. उजळ करायचं म्हणे! म्हणजे ही पोरगीही आता चादर मागायची थांबणार. आणि ते काम आपण केलंय, एका शब्दात, खुर्चीवरून न उठता.

सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या. खालचा खण अडकला होता, लाथ घालून उघडला. नवी आली तेव्हा शीट तिच्या स्क्रीनला टेकवून ठेवलेलं होतं. रंग जरा तडकला होता, पण चेहरा होता तसाच वर आलेला.

नवीने शीट उचलून उजेडात धरलं. "हे कधीचं?"

"वीस वर्षांचं."

"म्हणजे..." तिचा आवाज बदलला. "मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. मुद्दाम नाही सांगितलं." ताईंनी मान वर केली. "तुझ्यावर जळत होते. अजूनही जळतेय, ते सोड. नीट बघ. अंगाच्या रंगाला हात लावायचा नाही. कड दे, आणि मागचं आभाळ उजळ कर. दिग्दर्शक यायच्या आत एक फ्रेम झाली पाहिजे."

नवीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते काही प्रेमाचं नव्हतं. ती ताईंकडे न बघता कामाला बसली. तासाभराने, कड ओढता ओढता, शीटवरच्या नाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "ही तुम्ही आहात."

"होते."

"हा चेहरा घ्यायला हवा होता त्यांनी."

"तेव्हा घ्यायला हवा होता," ताई म्हणाल्या. "आता तुझा आहे. कड जाड होतेय."

दिग्दर्शकाने फ्रेम पाहिली, शिट्टी वाजवली आणि नवीची पाठ थोपटली. उजळ करायचं रद्द झालं. नवीने ताईंचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं, पण तो तोवर फोनवर बोलत निघूनही गेला. नवीने ते पुन्हा काढलं नाही. ताईंनीही काढलं नाही, पण मनात मात्र नोंद करून ठेवली. त्या काही संत नव्हत्या.

दुसऱ्या खेळाला भाची आली. जंगल आलं, रात्र झाली आणि राजकन्या झाडांमधून चालत आली, अख्खी. कपाळ, गाल, नाक, सगळं जागच्या जागी. ताई पडद्याकडे बघतच नव्हत्या, पहिल्या रांगेतल्या त्या लहान डोक्याकडे बघत होत्या. ते डोकं एकदाही मागे वळलं नाही. पोरगी पाय हलवत खाऊ खात होती, जणू राजकन्या अशीच असते, अशीच असायची. ताई पुन्हा जळल्या. या पोरीला नवलसुद्धा वाटू नये!

संध्याकाळी घरी ताईंनी मुद्दाम विचारलं, "मग? आवडली राजकन्या?"

"हं. पण घोडा जास्त मस्त होता." भाचीने पलंगावरची चादर ओढून काढली होती. आता ती चादर तिने ताईंच्या खांद्यावर टाकली, गळ्याशी वेडीवाकडी गाठ मारली आणि स्वतः फरशीवर ओणवी झाली. तिला घोडा हो म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. याचाही ताईंना हेवा वाटला.

"बस ना, मावशी."

"अग, मी कशी..." ताई म्हणाल्या आणि चादरीची गाठ सावरली.

दारात धाकटी मुलीला न्यायला आली होती. ती चादरीकडे बघत उभी राहिली.

"लवकर बस," घोडा म्हणाला. "पण सगळं वजन टाकू नकोस हं. माझे गुडघे दुखतात."