खबरदार

मी "खबरदार!" म्हणून ओरडले ते माझ्या लेकीवर, आणि ताठ उभे राहिले ते बेहरूझकाका. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सई जिन्याच्या कठड्यावरून घसरायच्या बेतात होती. खालून भाजीची पिशवी घेऊन येणारे सत्तरीचे गृहस्थ टाचा जुळवून थांबले. पिशवीतली लिंबं गडगडत खाली गेली, तरी हलले नाहीत.

नंतर चहा पिताना त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं, की इराणी सैन्यात हा 'सावधान'चा हुकूम. पुढे पत्रकं वाटली म्हणून तुरुंगात गेले, तर तिथेही कोठडी उघडताना हाच शब्द. "आणि तुमच्याकडे आया मुलांना हे म्हणतात?" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तिथल्या धर्मगुरूंच्या राजवटीविरुद्ध फ्रांकफुर्टला निदर्शनं असली की काका हजर. बेलवर मात्र नाव लावत नसत. टीव्हीवर त्या सरकारच्या अणुबॉम्बची चर्चा रंगली की म्हणत, "हे बघा, जगाला त्यांच्या क्षेपणास्त्रांची भीती. मला फक्त माझ्या बेलची." मी त्यांची चेष्टा करायचे. जर्मनीत कोण येतंय तुमच्यामागे?

एका दुपारी एक तरुण आमच्या दारात आला. नीटनेटके कपडे, हातात पिस्त्यांचा डबा. काकांचा भाचा आहे म्हणाला. पाहुण्याला दारातून परत पाठवणं मला जमत नाही. मी सांगून टाकलं: तिसरा मजला, डावीकडचं दार, सहाला येतात. त्याने आभार मानले. पण तो थांबला नाही आणि डबाही ठेवून गेला नाही. सहाला काका येताच मी त्यांना हे सांगितलं.

"मला बहीण नाही," काका एवढंच म्हणाले.

पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका एक बॅग घेऊन निघाले. कुठे, असं मी रडत विचारलं.

"नको. पुन्हा कोणी पिस्ते आणले तर?" ते हसले, रागावले नव्हते. मग म्हणाले, "सईला म्हणता तसं मला एकदा म्हणा."

मी डोळे पुसले. "खबरदार, तुम्हाला काही झालं तर."

या वेळी ते ताठ उभे राहिले नाहीत. कठडा धरून सावकाश उतरत गेले.

त्यानंतर त्यांची काहीच खबर नाही. आता बेल वाजली की ताठ उभी राहते ती मी.