तोकुजीचं सोवळं

डोंगरातल्या त्या आठशे वर्षांच्या देवळात तोकुजी कुरामित्सु रोज सकाळी खराटा घेऊन हजर असे. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. पण पाहुण्यांपुढे टेंभा असा मिरवायचा, जणू देवाने यालाच विचारून तिथे मुक्काम केला होता. कुणी वाटेच्या मधोमध चाललं की हा खेकसायचा, "मधली वाट देवाची. तुम्ही कोण लागून गेलात?" हात धुवायच्या पळीला कुणी तोंड लावलं की, "गोठ्यातून आलात वाटतं?" माणसं ओशाळत, आणि याचं पोट भरे. बायकोला, सोनोएला, त्याची शिसारी येई.

यंदा शरदातल्या यात्रेत पालखीपुढे दंड धरून चालायचा मान त्याचा होता. एकोणीस वर्षं तो त्यासाठी टपून बसला होता. यात्रेला पाच दिवस उरले आणि ओसाकाहून फोन आला: त्याची थोरली बहीण मित्सुए गेली. सुतकातल्या माणसाने तोरीच्या, म्हणजे देवळाच्या कमानीच्या, आत पाऊल टाकायचं नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

"वीस वर्षं तोंड पाहिलं नाही तिचं," तोकुजी म्हणाला. "कसली बहीण न् कसलं सुतक? कुठे बोलू नकोस."

"अहो, तुम्हाला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवायच्या त्या."

"सांगितलं ना एकदा."

सोनोए एकटीच ओसाकाला अंत्यविधीला जाऊन आली. हा कोडगा घरी मिरवणुकीचा पांढरा झगा इस्त्री करत बसला होता.

यात्रेला सगळा गाव देवळात लोटला. तोकुजी दंड धरून छाती काढून उभा. सोनोए मात्र काळ्या कपड्यांत तोरीबाहेर थांबली.

"या ना आत," शेजारीण म्हणाली. "यजमानांचा मान, आणि तुम्ही बाहेर?"

"आमच्या घरात सुतक आहे. यांची थोरली बहीण गेली."

शब्द आतवर पोचले तशी माणसं वळून तोकुजीकडे पाहू लागली. तोकुजीने तोंड उघडलं, पण बहीण जिवंत आहे म्हणायला जीभ रेटेना. पुजारी जवळ आला, वाकला आणि दंडासाठी त्याने दोन्ही हात पुढे केले.

तोरीबाहेर येताच तोकुजी बायकोवर फणकारला, "चारचौघांत नाक कापलंस माझं."

"पाच दिवस झाले," सोनोए म्हणाली. "त्यांचं नाव तरी एकदा घेतलंत का?"