जुना पार्ट कुठे ठेवला असेल

तंत्रज्ञ आला तेव्हा त्याने आधी व्हिजिटिंग कार्ड दिलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि माझ्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. निळा पडदा आला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आणि खाली लांबलचक आकडे. तो मजकूर मी सकाळपासून चार वेळा वाचला होता. त्याने एकदाही वाचला नाही.

"फॉरमॅट मारावं लागेल, काकू."

"म्हणजे आतलं सगळं जाईल?"

"सगळं फ्रेश होईल."

शिळ्या मेथीवर पाणी शिंपडणारा भाजीवाला फ्रेश म्हणतो, तसंच ते होतं. मी विचारलं, "खाली काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"ते आपल्यासाठी नसतं, काकू. ते कंपनीसाठी असतं."

माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर आलेला मजकूर माझ्यासाठी नव्हता.

नाशकात तेव्हा भारनियमनाची वर्षं चालू होती. कोणत्या भागात किती ते किती वीज जाणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि आम्ही ते कापून फ्रिजवर चिकटवायचो. वीज मात्र पेपर वाचत नसे. आदल्या दिवशी मी एका कॉम्प्युटर मासिकासोबत आलेली सीडी लावून ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट टाकत होते. घरच्या डायल-अपवरून ते उतरवायचे तर आठवडाभर फोन अडून राहिला असता, म्हणून सीडी. पडद्यावर विनंती झळकत होती की कृपया कॉम्प्युटर बंद करू नये. मी तो बंद करणार नव्हतेच. वीज गेली, वेळापत्रकाच्या तासभर आधी. बॅकअप देणारा यूपीएस दिवाळीपासून फक्त पीप करण्यापुरता उरला होता. त्याने एकदा पीप केलं आणि कर्तव्य संपवलं. तेव्हापासून निळा पडदा.

एरवी मी फॉरमॅट करूही दिलं असतं. पण त्या मशीनमध्ये आमच्या कॉलनीच्या वाचनालयाची यादी होती, आणि ती रविवारी हवी होती. तो गुरुवार होता; मी शाळेत रजा टाकून घरी होते.

हे वाचनालय जयंती उत्सवाच्या वर्गणीतून सुरू झालेलं. पुस्तकं लोकांनी दिलेली, कपाटं एका शाळेने टाकून दिलेली, जागा सोसायटीच्या छोट्या हॉलची. मी शाळेतली नोकरी सांभाळून त्याचं काम बघायचे. सोसायटीच्या नव्या अध्यक्षांना त्या हॉलमध्ये 'बहुउद्देशीय संगणक केंद्र' काढायचं होतं. बहुउद्देशीय या शब्दावर त्यांचा फार जीव होता. त्यातला एकही उद्देश त्यांनी कधी सांगितला नाही. फीत, कोनशिला आणि पाहुणे मात्र ठरलेले होते. समितीने ठराव केला: वाचनालयाने वार्षिक सभेत पुस्तकांची क्रमवार यादी सादर करावी, नाहीतर पुस्तकं बांधून ठेवावीत आणि हॉल मोकळा करावा. यादी नाही हे त्यांना ठाऊक होतं. तीन जुनी रजिस्टरं होती, तिन्हींचे क्रमांक एकमेकांत अडकलेले, आणि एकाचा मधला भाग वाळवीने वाचून संपवलेला. मी वर्षभर शाळा सुटल्यावर एकेक पुस्तक हातात घेऊन यादी टाइप केली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फ्लॉपीवर कॉपी होती. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना या वाक्याचा पुढचा भाग सांगायची गरज नाही. त्या दुपारी शेजारणीच्या मशीनला ती दाखवली. मशीन खरखरलं आणि म्हणालं, डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का? ज्याला त्याला फॉरमॅटच करायचं होतं.

तंत्रज्ञाला मी एवढंच विचारलं, "यादी आधी काढून घेता येईल?"

"हार्डडिस्क दुकानात न्यावी लागेल. दुसऱ्या मशीनला लावून बघू. आठ-दहा दिवस."

"मग राहू दे. फॉरमॅट करायचं नाही."

त्याने घड्याळ पुन्हा बांधलं. "ठेवा मग असंच. टीव्हीशेजारी शोभेल."

जिन्यात त्याला एक निवृत्त एसटी कंडक्टर भेटले. मूळचे चांदवडकडचे. वाचनालय उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायचे आणि पेपरातल्या निविदासुद्धा वाचायचे. घरात सून दिवसभर शिकवण्या घ्यायची, म्हणून त्यांना संध्याकाळपर्यंत बाहेर राहावं लागे. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, पण कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, यादी हाय ना?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"आहे. आत अडकलीय."

"मंग काढा बाहेर. त्यात काय?" आणि ते गेले. इतका सरळ सल्ला मला त्या दिवसात दुसरा कुणी दिला नाही.

संध्याकाळी नवरा ओझरहून आला. तो तिथल्या विमान कारखान्यात स्टोअर्सला होता. आयुष्यभर त्याने लोकांना पार्ट काढून दिले आणि त्याहून जास्त वेळा दिले नाहीत. कॉम्प्युटरमधलं त्याला काही कळत नसे, आणि कळतं असं तो कधी दाखवत नसे. घरातला हा गुण मी फार मानायचे. चहा पिता पिता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अपडेट म्हणजे काय करतात नेमकं?"

"जुन्या फायली काढून नव्या बसवतात."

"आणि जुन्या?"

"जुन्या काय, जात असतील."

त्याने कप खाली ठेवला. "कुठे जातील? अगं, असं कोणी करत नाही. आमच्याकडे नवा पार्ट बसवला, तरी जुन्याला टॅग लावून रॅकवर ठेवतात. इन्स्पेक्शनने काम पास केल्याशिवाय तो भंगारात जात नाही. काम मधेच थांबलं तर नवा काढायचा, जुना लावायचा. त्यासाठी कुणी विमान फोडत नाही."

"हे विमान नाहीये."

"विमान नसेल. पण बनवणारे काय एवढे बिनडोक असतील? जुना पार्ट कुठे ठेवलाय ते शोध."

तो टीव्हीसमोर जाऊन बसला. मला मात्र दिवसभरात पहिल्यांदाच योग्य प्रश्न मिळाला होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत गेले. वहीत निळ्या पडद्यावरचे आकडे उतरवून नेले होते. आजूबाजूच्या खोक्यांत मुलंमुली चॅट करत होती. मी एकटीच फायलींचा पत्ता काढत होते. तासाभराने तो मिळाला. प्रत्येक अपडेट नव्या फायली बसवण्याआधी जुन्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्या फोल्डरला अपडेटचा नंबर देतो, आणि सगळं परत जागेवर न्यायची यादीसुद्धा तिथेच ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ सीडीवरून मशीन चालू करायचं, दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर जायचं, त्या फोल्डरमध्ये शिरायचं आणि एक ओळ टाइप करायची. मी ते पान छापून घेतलं. हे लिहिणारा कुठल्या देशातला होता कोण जाणे, पण ओझरच्या स्टोअर्सला त्याला लगेच घेतलं असतं.

शनिवारी माझी शाळा सकाळची होती. घरी आले तेव्हा वीज नव्हती. वेळापत्रकाप्रमाणे दोनला यायची ती अडीचला आली, आणि पुन्हा पाचला जाणार होती. मी मूळ सीडी घातली. काळ्या पडद्याने पासवर्ड मागितला. मी कधी ठेवलाच नव्हता. कोरा एंटर दाबला आणि त्याने आत घेतलं. मग फोल्डरांची यादी आली. असे फोल्डर एक-दोन नव्हे, पडदा भरून होते. मासिकाच्या सीडीच्या पाकिटावर सहा नंबर छापलेले होते, म्हणजे त्या सहांपैकीच एक. यादीत तारखा होत्या, वेळा होत्या. वीज गेली त्या वेळेच्या अगदी जवळचा एकच होता.

ओळ टाइप केली. चुकली. फोल्डरच्या नावातलं डॉलरचं चिन्ह राहिलं होतं. पुन्हा टाइप केली. मग पडद्यावर एकाखाली एक ओळी धावायला लागल्या: एक फाईल कॉपी झाली, एक फाईल कॉपी झाली. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. नवरा मागे येऊन उभा राहिला. "बघ," एवढंच म्हणाला.

मशीन पुन्हा चालू केलं. नेहमीचं हिरव्या टेकडीचं चित्र आलं. मी आधी यादी उघडली. शेवटच्या पुस्तकापर्यंत खाली गेले आणि मग परत वर आले. पाचच्या आत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ती छापून काढली. त्या करवतीच्या आवाजाने वरच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करायला आल्या आणि कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून द्यायला थांबल्या.

रविवारी सभेत अध्यक्षांपुढे फुलदाणी होती आणि मागे बॅनर. वाचनालयाचा विषय शेवटाकडे ठेवला होता, लोक जेवायला उठू लागतात त्या सुमाराला. मी उठले आणि कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. तो उलगडून खाली जमिनीवर गेला.

अध्यक्ष म्हणाले, "अरे वा. पण तुमचा कॉम्प्युटर तर बंद पडलाय असं ऐकलं."

"पडला होता."

"बरं, समिती सवडीने बघेल. धन्यवाद. पुढचा विषय."

"ठरावात सवडीने असं नाही," मी म्हणाले. "यादी सादर केली नाही तरच हॉल मोकळा करायचा, असं आहे. यादी सादर झाली. तेवढं इतिवृत्तात लिहा."

"लिहू हो. बसा तुम्ही."

"लिहून झालं की बसते."

मागून कंडक्टर म्हणाले, "लिव्हा ना साहेब. एका ओळीला किती टाइम लागतो?" कोणीतरी हसलं. जेवायला उठलेले दोघे-तिघे पुन्हा बसले. अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी पेनाचं टोपण काढलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत उभी राहिले. 'यादी प्राप्त' इथे त्यांनी पूर्णविराम दिला.

"पुढचंही," मी म्हणाले.

त्यांनी पूर्णविरामाचा स्वल्पविराम केला आणि लिहिलं: सबब हॉल वाचनालयाकडे कायम. मी त्यांना ते मोठ्याने वाचायला लावलं.