वहिनीची दाढ आणि माझं रसायनशास्त्र

मुंबईच्या दातांच्या कॉलेजात जायचं तर प्रवेशपरीक्षा द्यावी लागणार होती आणि तिच्यात रसायनशास्त्र होतं. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात ते विचारायचं कोणाला? एक इंग्रजी पुस्तक होतं, तेच घोकत बसायचं. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळल्या की राज्य जिंकल्याचा आनंद होई. तो फार वेळा झाला नाही.

मोहाची फुलं गळण्याचे दिवस होते. घरात प्रत्येकाच्या वाट्याला झाडं ठरलेली असत आणि पहाटेच सगळे टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघत. माझ्या वाट्याची झाडं त्या वर्षी मोठ्या वहिनीने आपल्याकडे घेतली. "भाऊजीले वाचू द्या," असं तिने बाबांना परस्पर सांगून टाकलं. माझी नि तिची, दोघांची फुलं वेचून ती कंबर धरत परतायची आणि मी ओसरीवर सावलीत बसलेला. लाज वाटायची, खूप वाटायची. पण टोपली उचलून तिच्या मागे गेलो, असं एकदाही झालं नाही.

चुन्याच्या निवळीत फुंकलं की ती पांढरी होते, असं पुस्तकात होतं. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. घरात चुना होता तो वहिनीच्या तंबाखूच्या डबीत. ती रानात असताना मी होता नव्हता तेवढा काढून पाण्यात कालवला, वरची निवळी पेल्यात ओतली आणि पपईच्या देठाच्या नळीने फुंकलं. पाणी दुधाळ झालं! मी एकटाच ओरडलो.

वहिनी आली तेव्हा मोठ्या ऐटीत तिला पेला दाखवला. ती हसली. मग तिने डबी उघडली, आत पाहिलं आणि गालाला हात लावून खालीच बसली. गाल टम्म सुजला होता. तंबाखू-चुना दाढेपाशी दाबून ती कितीतरी दिवस कळ काढत होती. दातांचा डॉक्टर व्हायला निघालेल्या मला समोरच्या माणसाचा गाल दिसला नव्हता.

"बाजारात दात काढणारा बसते, त्याच्याकडं काऊन नाई गेली?" मी विचारलं.

"त्याले काऊन दाखवू? घरचाच डाक्टर होऊन राह्यला ना! तुमची परीक्षा झाली का तुम्हीच काढजा. पयली दाढ माही."

आमच्याकडे सातवीची फायनल पास झालेला पोरगा लगेच मास्तर होऊन शाळेत उभा राहायचा. तिने दातांच्या परीक्षेचंही तसंच धरलं होतं. ही नुसती आत जायची परीक्षा आहे, पुढे चार वर्षं शिकायचं आहे आणि मुळात मी पास होईन की नाही हेच सांगता येत नाही, असं मी तिला अडखळत सांगितलं.

"चार वर्सं?" एवढंच म्हणून ती चुलीकडे गेली.

पुढच्या बाजाराला ती जाऊन आली. तोंडात फडक्याचा बोळा होता, लुगड्यावर रक्ताचे डाग. मी पुस्तक सोडून उठलो, पण तिच्या तोंडाकडे बघवेना. तिने मला हाताने खाली बसवलं, बोळा काढला आणि जड जिभेने म्हणाली, "आता नापास झाले तरी चालते, भाऊजी. माही दाढ तुमची वाट पाहत नाई."