कानात गाणं, पायात गोळे

स्वयंपाकघराच्या दारामागे एका पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबलेल्या असतात ना, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठलेत. एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात. परवा मावशीकडे मी सहज म्हणाले, "धावताना गाणी ऐकू नयेत," आणि तिने बिचारीने "का गं?" असं विचारलं. पाऊण तास गेला. तिचं दूध उतू गेलं. तेव्हा ठरवलं, हे सगळं एकदा लिहूनच काढावं.

आमचा ग्रुप म्हणजे रोज सकाळी साडेपाचला खोपोलीतल्या एका मैदानावर जमणारे पाच जण. मी प्रज्ञा, बी.कॉम. मला पोलीस व्हायचंय. शीतल मूळची कळंबची, भरतीसाठी इथे मामाकडे राहायला आलेली. तिलाही पोलीस व्हायचंय. रोशन खालापूरच्या बाजूचा, तोही भरतीवाला, पण लग्नसराईत हळदीला बेंजो पार्टीत वाजवतो, त्यामुळे निम्म्या सकाळी पेंगत येतो. ठोंबरे काकूंना डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलंय. आणि सर. सर सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत आणि त्यांनी स्टॉपवॉच हातातून खाली ठेवलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

मुलींना आठशे मीटर धावायचं असतं, म्हणजे आमच्या मैदानाच्या चार फेऱ्या. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण मार्क. मागच्या भरतीत मला तीन मिनिटं दोन सेकंद लागले आणि दोन मार्कांनी माझं नाव यादीत आलं नाही. घरी बाबांनी शांतपणे सांगितलंय, "अजून एक भरती दे. नाही झालं तर मग कारखान्याच्या ऑफिसात मी बोलतो." बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे बोलतात तेव्हा ते नक्की ठरलेलं असतं.

आता माझी अडचण अशी की मी दचकते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. शीतल म्हणते, "चोर पकडायला गेलीस तर चोरच तुला पाणी पाजील गं." आणि कानात गाणं नसलं की मला माझाच श्वास ऐकू येतो. तो ऐकला की वाटतं, झालं, आता मला अटॅक येणार. की पाय आपोआप सैल. गाणं असलं तर सहा-सात सेकंद कमी लागतात. आणि भरतीच्या मैदानावर इअरफोन चालत नाहीत. सर हे रोज सांगतात. रोज. मला पाठ आहे, तरी सांगतात.

• • •

पहिल्यांदा मी फोनवर धावायची अशी स्वतंत्र यादी केली. सगळी ढोलताशाची, दणकेबाज गाणी. तीन फेऱ्या छान झाल्या. चौथीला गाणं ऐन रंगात आलेलं आणि ते बंद पडून कानात एकदम फोनची रिंग घणघणली. मी इतकी दचकले की सरळ सुसाटले. सर ओरडतायत, शीतल मागे पडली, मी थांबेचना. शेवटची रेघ ओलांडून फोन उचलला.

"अगं," आई म्हणाली, "कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस?"

सरांनी घड्याळ दाखवलं. दोन मिनिटं बावन्न. माझा तोवरचा सगळ्यात चांगला वेळ.

सर म्हणाले, "गाणी बंद कर. आईला सांग रोज फोन करायला."

• • •

मग रोशनने मनावर घेतलं. "तुमची गाणी चुकीची हायत," तो म्हणाला. "बेंजोचं कसं असतं, सुरुवातीला हळू, मग चढत जातं. धावायला तेच पायजे. मी देतो."

त्याने खरंच दिलं. पण बनवायचा कंटाळा केला आणि आपल्याच पार्टीचं एका हळदीतलं रेकॉर्डिंग जसंच्या तसं आम्हा दोघींना पाठवलं. मी आणि शीतल एकदम सुटलो. पहिल्या फेरीला देवाचं संथ गाणं. आम्ही निवांत. दुसऱ्या फेरीला वेग वाढला, आमचाही वाढला. तिसरीला शीतलचे दोन्ही हात वर गेले. हळदीत नाचायची सवय, ती काय करणार!

"हात खाली!" सर ओरडले.

"जात नायत सर," शीतल धावता धावता म्हणाली.

आणि चौथ्या फेरीला, ऐन शेवटी, गाणं मध्येच थांबलं आणि माइकवरून कुणीतरी दरडावलं, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, नवऱ्याच्या मामाला जागा द्या."

मी दिली. शीतलनेही दिली. आम्ही दोघी दोन बाजूंना झालो आणि मधून नवऱ्याचा मामा जाईपर्यंत उभ्या राहिलो.

तीन मिनिटं अकरा.

रोशनला मी खूप बोलले. तो ऐकून घेत म्हणाला, "पण तीन फेऱ्या कशा झाल्या ते सांग ना."

• • •

ठोंबरे काकू गाणी ऐकत नाहीत. काकू रेसिपी ऐकतात. फोन पिशवीत, आवाज मोठा, आणि काकूंचा चालण्याचा वेग त्या रेसिपीच्या हातात. "कांदा भराभर परतून घ्या" असं आलं की काकू भराभर. "आता झाकण ठेवून मंद आचेवर" असं आलं की काकू जवळजवळ उभ्या.

एकदा मला काकूंच्या मागे धावत राहावं लागलं कारण सुक्या बोंबलाचं काहीतरी वेगळंच चाललेलं होतं. पुढे जावं तर ऐकू येईना. सरांनी विचारलं, "प्रज्ञा, काय झालं? पायात गोळा आला का?"

मी म्हटलं, "नाही सर, चिंच कधी घालायची ते कळत नाहीये."

सरांनी स्टॉपवॉच बंद करून पुन्हा शून्यावर आणलं.

काकूंची शुगर कमी झाली का, हे मी विचारलं नाही. रोज सकाळी घरी जाऊन त्या ऐकलेलं करून बघतात.

• • •

शीतलचं मध्यंतरी एका मुलाशी जमलेलं होतं आणि मग फिसकटलं. आम्हाला तिने काही सांगितलं नाही. पण तिच्या कानात रडकी गाणी सुरू झाली आणि सरांच्या वहीत तिचे आकडे वाढत गेले. दोन त्रेपन्न, दोन एकोणसाठ, तीन पाच. आठवड्याभराने सरांनी वही मिटली आणि तिला बाजूला बोलावलं.

"त्या पोराला म्हणावं, भरती होईपर्यंत तरी परत ये. मग बघू."

शीतल थक्क. "सर, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घड्याळानं," सर म्हणाले.

पुढच्या सोमवारी कळलं की त्या मुलाचा साखरपुडा झाला. आम्ही सगळे धास्तावलो, आता ही चालत फिरणार. शीतल आली, इअरफोन काढून माझ्या हातात दिले, बुटांच्या नाड्या करकचून बांधल्या आणि धावली. दोन चव्वेचाळीस. पाणी प्यायली नाही, बसली नाही, थेट घरी निघून गेली.

रोशन म्हणाला, "आपल्याला पण साखरपुडा लागेल कुणाचा तरी."

मी विचार केला. माझा तर कुणी नव्हताच. मला याचीही काळजी वाटायला लागली.

• • •

गाण्यांचा नाद सोडायचा म्हणून मी फोनवर नुसत्या टिकटिकीचं अ‍ॅप घेतलं. एका टिकला एक पाऊल. शब्द नाहीत, मामा नाही, काही नाही. आठ दिवस बरे गेले.

एका सकाळी धावून झाल्यावर खोपोलीतल्याच शिळफाट्याला जायला सहाआसनी रिक्षात बसले. फोन सॅकमध्ये, इअरफोनची पिन निघालेली, आणि अ‍ॅप चालूच. रिक्षा थोडी पुढे गेल्यावर समोरच्या आजी इकडेतिकडे बघायला लागल्या.

"टिकटिक कसली येतेय रं?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हरने रिक्षा बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. सगळे गप्प. टिक, टिक, टिक. अगदी स्पष्ट. मागच्या माणसाने पाय वर घेतले. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "कुणाच्या तरी पिशवीत हाय."

सगळ्यात आधी मी उतरले. उतरले म्हणजे उडीच मारली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. मग आजींनी आतून माझी सॅक वर करून विचारलं, "बाई, ही तुझीच ना गं?"

शीतलला हे सांगायला नको होतं. तिने रोशनला सांगितलं. रोशन आता मी मैदानात शिरले की तोंडाने टिकटिक करतो. मी अजूनही दचकते.

• • •

सरांचा तर सगळ्यालाच विरोध. "धावताना माणसानं स्वतःचं ऐकावं," हे त्यांचं वाक्य. आणि सर या वयात अशा वेगाने धावतात की आम्हाला लाज वाटते. एकदा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आम्ही त्यांना कानातून काहीतरी काढून खिशात ठेवताना पाहिलं. लहानसं, करड्या रंगाचं. आम्ही तिघांनी धावत जाऊन घेरलं.

"सर, तुम्ही पण! रोज आम्हाला शिव्या देता आणि स्वतः!"

सर आमच्याकडे बघत राहिले. मग खिशातलं ते यंत्र काढून कानात बसवलं आणि म्हणाले, "हां, आता बोला."

ते ऐकू येण्याचं यंत्र होतं. धावायच्या आधी सर ते काढतात.

माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. मी माफी मागायला लागले तर सर म्हणाले, "अगं, हे काढलं की तुमचं कुणाचं काही ऐकू येत नाही. म्हणून तर एवढा धावतो."

• • •

भरतीच्या दिवशी बाबा मला मैदानाच्या फाटकापर्यंत सोडायला आले आणि परत फिरले. फोन, इअरफोन, सगळं बाहेर. पायाला वेळ मोजणारी चिप बांधली, छातीवर नंबर, मैदान मोठं म्हणून दोनच फेऱ्या धावायच्या. रेघेवर उभी होते तेव्हाच मला माझा श्वास ऐकू यायला लागला होता.

शिट्टी झाली. दचकले, त्यामुळे सुरुवात बरी झाली. पण वळणापर्यंतच. मग तो श्वास, फुस्स, फुस्स. मनात एकही गाणं येईना. इतकी वर्षं कान भरून ऐकलं आणि आत्ता एक ओळ नाही. डावीकडून एक मुलगी पुढे निघाली. सडपातळ, अनवाणी, वेणी घट्ट वळलेली. ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. जवळ गेले तर ऐकू आलं.

"एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न."

एकेका आकड्याला तिचं पाऊल असं पडत होतं जसं कुणी लाकडावर खिळा मारतंय. मी तिच्या बाजूला लागले. एकोणीस चोक शहात्तर. पंचे पंच्याण्णव. दहापर्यंत गेली की पुन्हा एकपासून. माझा श्वास कुठे गेला मला कळलं नाही. पहिली फेरी संपली, कुणीतरी वेळ ओरडलं, ते मी ऐकलं नाही. मी पाढा ऐकत होते.

दुसऱ्या फेरीचं शेवटचं वळण. तिला धाप लागलेली. "एकोणीस सक एकशे चौदा," ती म्हणाली. "एकोणीस सत्ते..."

आणि अडली.

"एकोणीस सत्ते. एकोणीस सत्ते." तिचे पाय जड झाले. तिचे झाले तसे माझेही झाले. मागून दोघी-तिघी आमच्या पुढे गेल्या. मला समोरची रेघ दिसत होती, घरी परतलेले बाबा दिसत होते, कारखान्याचं ऑफिस दिसत होतं, आणि ही बाई सातावर अडकून बसली होती.

"एकशे तेहेतीस!" मी किंचाळले.

"एकोणीस अठ्ठे एकशे बावन्न," ती ताबडतोब म्हणाली आणि सुटली. मीही सुटले. नव्वे एकशे एकाहत्तर आम्ही दोघींनी मिळून म्हटलं, दाहेला रेघ गेली. पुढे गेलेल्या दोघी-तिघी आमच्या मागे राहिल्या होत्या.

यादी घेऊन उभ्या असलेल्या पोलीस मॅडमनी आमच्याकडे नीट पाहिलं, मग यंत्रात पाहिलं. "दोन सत्तेचाळीस," त्या म्हणाल्या. "दोघींचा. आणि ओरडायचं नसतं मैदानात."

आम्ही गवतावर बसलो. माझ्या चिपची गाठ सुटेना. तिने माझीही सोडून दिली. कुठून तरी लांबून आलेली होती, रात्रीचा प्रवास करून.

मी विचारलं, "तू सरावाला गाणी नाही का ऐकत?"

"नाही ताई. घरात फोन एकच आहे. तो भावाकडं असतो."

"तोही भरतीची तयारी करतोय?"

"नाही," ती म्हणाली. "तो झोपून गाणी ऐकतो."